सर्व्हर दोन, दप्तर कोणाकडे?

१. गाडी काट्यावर असताना

बारामती-इंदापूर पट्ट्यात संगणकाचा विषय निघाला की पहिला प्रश्न उसाचाच येतो. "गाडी काट्यावर चढली, वजन झालं, पावती हातात पडली आणि तेवढ्यात सर्व्हर बसला. माझं टनेज गेलं का?" माळेगाव आणि सोमेश्वर बारामती तालुक्यात, छत्रपती, कर्मयोगी आणि नीरा-भीमा इंदापूर तालुक्यात. एवढे सहकारी साखर कारखाने शेजारीशेजारी असलेल्या मुलखात दुसरा कुठला प्रश्न आधी येणार? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, आणि किती पैसे हे काट्यावरच्या नोंदीवरून ठरते. (काटा मुळात बरोबर आहे का, हा वाद वेगळा. काटामारीवर सर्व्हरकडे उत्तर नाही. त्याला जो आकडा दिला तो तो जपतो, इतकेच.)

प्रश्नाचे छोटे उत्तर असे की डेटाबेसने 'नोंद पक्की झाली' असे कळवल्यावरच पावती छापली जात असेल, तर टनेज जात नाही. आधी पावती आणि मग नोंद, असे एखाद्याने सॉफ्टवेअर लिहिले असेल तर मात्र जाऊ शकते, आणि तो दोष डेटाबेसचा नव्हे.

त्याच्या मागून येणारा प्रश्न जास्त अवघड आहे. "सर्व्हर दोन-दोन ठेवलेत म्हणता, मग आणखी कुठे साठवायची भानगड कशाला?" हे प्रकरण त्या प्रश्नाचे आहे.

पुढच्या सगळ्या उदाहरणांसाठी एक कारखाना धरून चालू. तो इंदापूर तालुक्यात आहे. मुख्य सर्व्हर कारखान्याच्या आवारात, दुसरा सर्व्हर बारामतीत आणि जपून ठेवायच्या फायली पुण्यातल्या एका डिस्कवर. डेटाबेस पोस्टग्रेस, कारण तो फुकट मिळतो आणि त्याचे कामकाज उघड्या पुस्तकासारखे वाचता येते. हा कारखाना काल्पनिक आहे, कोणत्याही खऱ्या कारखान्याचे हे वर्णन नाही.

२. आधी फेरफार, मग सातबारा

जमिनीचा व्यवहार झाला की तलाठी थेट सातबाऱ्यावर नाव बदलत नाही. आधी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, पुढचा क्रमांक घालून नोंद होते. नोटीस निघते, हरकतीची मुदत संपते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मग सातबारा बदलतो. बदललेल्या नावाशेजारी त्या फेरफाराचा क्रमांक येतो. हस्तलिखित उताऱ्यांवर तो वर्तुळात असे, आणि जुन्या नावाला कंस पडलेला असे.

डेटाबेस हेच करतो, फक्त हरकतीला पंधरा दिवस न देता. ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसह काट्यावर आला, भरलेले वजन २७.४८० टन. गव्हाणीवर ऊस खाली करून परत आला, रिकामे वजन ८.२१० टन. निव्वळ ऊस १९.२७० टन. ही नोंद करताना शेतकऱ्याच्या खात्यात टनेज वाढते, वाहतूकदाराच्या खात्यात खेप वाढते, तोडणी टोळीचे काम वाढते, गटाची बेरीज बदलते. डिस्कवर या चार गोष्टी चार वेगळ्या ठिकाणी असतात. चारही जागा लगेच बदलायच्या म्हटल्या तर काटा तुंबेल. त्याहून वाईट म्हणजे दोन जागा बदलल्या आणि वीज गेली, तर वाहतूकदाराला खेप मिळेल आणि शेतकऱ्याला टनेज मिळणार नाही.

म्हणून डेटाबेस आधी एकाच वहीच्या शेवटी सलग लिहितो की या क्रमांकाच्या व्यवहारात हे चार बदल झाले आणि व्यवहार पुरा झाला. या वहीला ट्रान्झॅक्शन लॉग म्हणतात. ते लिहिणे डिस्कवर पक्के उतरले की 'झाले' असा निरोप जातो. खरी पाने मेमरीत बदललेली असतात. ती डिस्कवर सावकाश, सवडीने उतरतात. वीज गेली तर सर्व्हर उठल्यावर लॉग वाचतो आणि राहिलेले बदल पुन्हा करतो.

राहिलेले कोणते, हे त्याला कसे कळते? इथे फेरफाराची जोडी अक्षरशः लागू पडते. पोस्टग्रेस आपला डेटा ८ केबीच्या पानांत ठेवतो आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर, त्या पानाला शेवटचा हात लावणाऱ्या लॉग-नोंदीचा क्रमांक असतो. पानावरचा क्रमांक पुढचा असेल तर तो बदल आधीच झालेला आहे, सोडून द्या. मागचा असेल तर करून घ्या. जमिनीच्या वादात सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक बघून वकील जे ओळखतो, तेच सर्व्हर सेकंदाला हजारो पानांवर ओळखतो.

ही पद्धत काटेकोरपणे मांडणारा, आजही आधार मानला जाणारा शोधनिबंध १९९२ साली आला. तो आयबीएममधल्या सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, आणि मोहन हे आयआयटी मद्रासचे विद्यार्थी.

३. सोळा एमबीचे एक रजिस्टर

लॉग म्हणजे एकच अवाढव्य फाईल नसते. पोस्टग्रेस त्याचे १६ एमबीचे तुकडे पाडतो. प्रत्येक तुकड्याचे नाव चोवीस अक्षरांचे: पहिली आठ 'कालरेषे'ची (तिच्याकडे पुढे येऊ), उरलेली सोळा त्या रेषेवरच्या क्रमांकाची. नव्या डेटाबेसचा पहिला तुकडा ००००००००१ असा नव्हे, तर ०००००००१ ००००००००  ०००००००१ असा, आणि तोही मधल्या जागा न सोडता लिहिलेला. रात्री दोन वाजता फोनवर कुणाला हे नाव वाचून दाखवायची वेळ आली की त्याचा त्रास कळतो.

आता मुख्य गोष्ट. सर्व्हर हे तुकडे जपत नाही. एका तुकड्यातले सगळे बदल खऱ्या पानांवर उतरले की त्या तुकड्याची सर्व्हरला गरज उरत नाही. तो त्याच फाईलला पुढचे नाव देऊन तिच्यावर नवे लिहायला घेतो. म्हणजे वीज जाण्यापुरते संरक्षण आहे, पण गेल्या आठवड्याचा फेरफार बघायला गेलात तर त्या पानांवर आजची नोंद असेल.

महसूल खाते असे करत नाही आणि त्याचा फायदा इंदापूरकरांना माहीत आहे. उजनीच्या जलाशयात या तालुक्यातले जुने पळसदेव बुडाले, पाणी आटले की पळसनाथाचे देऊळ वर येते. तिथल्या एखाद्या गटाचा १९७० सालचा धारक कोण, हे आजच्या उताऱ्यावर दिसणार नाही. पण जुना उतारा आणि तिथपासूनचे सगळे फेरफार ओळीने हाती असतील तर हव्या त्या तारखेची स्थिती उभी करता येते. मधले एक रजिस्टर गहाळ असेल तर गाडी तिथेच अडते.

४. रेकॉर्ड रूम

लॉगचा तुकडा भरला की तो पुन्हा वापरण्याआधी त्याची प्रत दुसरीकडे नेऊन ठेवायची, याला आर्काइव्हिंग म्हणतात. पोस्टग्रेसमध्ये ही सोय २००५ च्या जानेवारीत आलेल्या ८.० आवृत्तीपासून आहे. प्रत कशी न्यायची ते सर्व्हर ठरवत नाही, आपण त्याला एक आज्ञा देऊन ठेवतो. तुकडा भरला की सर्व्हर त्याच्या नावाने 'रेडी' अशी शून्य लांबीची चिठ्ठी बनवतो आणि आज्ञा चालवतो. आज्ञेने 'जमले' असे सांगितले की चिठ्ठीचे नाव 'डन' होते, आणि मग तो तुकडा पुन्हा वापरायला मोकळा. 'नाही जमले' असे उत्तर आले तर सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. कितीही वेळा.

हा हट्ट चांगला आहे, पण त्याची किंमत आहे. पुण्याची लाईन तुटली आणि कुणाचे लक्ष नसले तर 'रेडी' चिठ्ठ्या साचत जातात, तुकडे मोकळे होत नाहीत, डिस्क भरते आणि भर हंगामात मुख्य सर्व्हर थांबतो. नोंदी शाबूत असतात, पण काट्यावर ट्रॅक्टरची रांग लागते. तेव्हा 'रेडी' चिठ्ठ्या किती साचल्या, हा आकडा रोज कुणीतरी बघितला पाहिजे. माझ्या मते सगळ्या देखरेखीत हा एक आकडा पहिला.

याचा उपयोग काय, तो एका बुधवारी बघू. रविवारी रात्री दोन वाजता संपूर्ण डेटाबेसची प्रत घेतलेली आहे, तिला बेस बॅकअप म्हणतात. बुधवारी ११ वाजून ४० मिनिटांनी शेतकी विभागातल्या कुणीतरी एका गटाच्या पंधरवड्याच्या नोंदी चुकून पुसल्या. मग रविवारची प्रत तिसऱ्या, रिकाम्या मशीनवर उतरवायची, पुण्यातून लॉगचे तुकडे ओळीने आणायचे आणि सर्व्हरला सांगायचे की ११:३९ पर्यंतच वाच. डेटाबेस त्या मिनिटाला होता तसा उभा राहतो. पुसलेल्या नोंदी तिथून काढून चालू डेटाबेसमध्ये घालायच्या. काटा या काळात चालूच असतो.

५. बारामतीतला जोडीदार

बारामतीचा दुसरा सर्व्हर, म्हणजे स्टँडबाय, वेगळ्या कामासाठी आहे. मुख्य सर्व्हर जो लॉग लिहितो तो तारेवरून सतत बारामतीला जातो आणि तिथे तेच बदल लागू होतात. पोस्टग्रेसमध्ये ही थेट धार २०१० च्या ९.० आवृत्तीपासून आहे. त्याआधी पूर्ण भरलेला तुकडाच पाठवता येई, म्हणजे जोडीदार एक रजिस्टर मागे. आता तो बहुधा सेकंद-दोन सेकंद मागे असतो. कारखान्यातला सर्व्हर जळाला तर बारामतीच्या सर्व्हरला मुख्य म्हणून बढती द्यायची आणि काटा पुन्हा चालू.

पण बुधवारच्या ११:४० ला हा जोडीदार काय करेल? तो आज्ञाधारक आहे. पुसण्याची नोंदही इतर नोंदींसारखीच तारेवरून येते, आणि दोन सेकंदांत बारामतीतही तो गट पुसला जातो. स्टँडबाय यंत्र बिघडले तर वाचवतो, माणूस चुकला तर वाचवत नाही. "दोन सर्व्हर आहेत, मग बॅकअप कशाला" म्हणणारा नेमके इथे फसतो.

६. दोघांपैकी जपायचे कुणी?

दोन्ही सर्व्हर आहेत आणि पुण्याची डिस्कही आहे, असा कारखाना स्वतःला सुरक्षित समजतो. इथे एक फट आहे, आणि ती नीट बघण्यासारखी आहे.

आर्काइव्हिंगची कळ तीन जागी फिरते: ऑफ, ऑन आणि ऑलवेज. बहुतेक जण 'ऑन' वर ठेवतात आणि तीच मांडणी स्टँडबायवर उतरवतात. 'ऑन' चा अर्थ असा की स्टँडबाय हा स्टँडबाय असेपर्यंत पुण्याला काहीही पाठवत नाही. तारेवरून आलेला प्रत्येक तुकडा तो 'डन' समजतो, कारण तो जपणे हे मुख्य सर्व्हरचे काम. बढती मिळाल्यावर तो पाठवायला लागतो, पण फक्त स्वतः लिहिलेले तुकडे.

आता एक दिवस मिनिटागणिक बघू. दर पाच मिनिटांनी तुकडा बदलतो असे धरा. सकाळी ११:१० ला कारखाना ते पुणे लाईन तुटली. तोवर ४० क्रमांकापर्यंतचे तुकडे पुण्यात पोचले आहेत. बारामतीची लाईन वेगळी, ती चालू आहे. ४१, ४२, ४३ असे तुकडे बनत गेले, बारामतीला पोचले, पुण्याला नाही. ४८ वा चालू असताना ११:४८ ला मुख्य सर्व्हरची डिस्क गेली. ११:५५ ला बारामतीला बढती दिली. एकही पावती गमावली नाही, सगळ्यांनी चहा मागवला.

पुण्याच्या डिस्कवर मात्र काय आहे? ४० पर्यंतचे तुकडे, आणि मग नव्या मुख्य सर्व्हरने पाठवलेला ४८ वा. ४१ ते ४७ हे सात तुकडे नाहीत. पुण्याला ते कुणीच पाठवलेले नाहीत: एकाची डिस्क गेली, दुसऱ्याला ते आपले काम वाटले नाही. दुपारी तीनला कुणी चुकून एखादा गट पुसला, तर रविवारच्या प्रतीवरून पुढे येताना गाडी ४० वर थांबते. ११:१० नंतरचे काहीही परत उभे करता येत नाही. ही अडचण बढतीनंतर नवा बेस बॅकअप घेईपर्यंत राहते, आणि तो घेतल्यावरही मधला काळ कायमचा अंधारातच. हुशार माणूस असेल तर तो बारामतीच्या डिस्कवरून ते सात तुकडे हाताने उचलेल. मात्र ते 'डन' असल्यामुळे सर्व्हर त्यांच्यावर नवे लिहायला केव्हाही मोकळा आहे.

'ऑलवेज' ही तिसरी जागा याच फटीसाठी आहे. ती २०१६ च्या जानेवारीत आलेल्या ९.५ आवृत्तीपासून मिळते. या कळीवर स्टँडबाय तारेवरून आलेल्या तुकड्यालाही 'रेडी' चिठ्ठी लावतो आणि स्वतःच्या लाईनने पुण्याला पाठवतो. ४१ ते ४७ बारामतीहून पोचले असते.

मग सगळेच 'ऑलवेज' का ठेवत नाहीत? कारण आता एकाच कपाटात दोन माणसे तेच रजिस्टर ठेवायला येतात. मुख्य सर्व्हरने ३५ वा तुकडा ठेवला आणि मागोमाग स्टँडबायही ३५ वा घेऊन आला. प्रचलित आज्ञा अशी असते की 'त्या नावाची फाईल आधीच असेल तर नकार दे'. एका सर्व्हरसाठी हे शहाणपणाचे आहे, जुन्या फाईलवर चुकून नवी पडत नाही. दोघांसाठी मात्र तीच आज्ञा गळफास होते: स्टँडबायला नकार मिळतो, तो पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा नकार, चिठ्ठ्या साचतात आणि त्याची डिस्क भरते. याला कंटाळून कुणी आज्ञा बदलून 'असली तरी वर लिही' केली, तर अर्धवट आलेली फाईल पूर्ण फाईलवर पडू शकते.

योग्य आज्ञेला तीन उत्तरे आली पाहिजेत. फाईल नसेल तर तात्पुरत्या नावाने पूर्ण उतरव, मग खरे नाव दे आणि 'जमले' सांग. फाईल असेल आणि आतला मजकूर तंतोतंत तोच असेल तर काही न करता 'जमले' सांग. फाईल असेल पण मजकूर वेगळा असेल तर हात लावू नकोस, नकार दे, कारण दोन सर्व्हर स्वतःला मुख्य समजून एकाच वेळी लिहीत असल्याची ती खूण असू शकते. आणि हे सगळे दोघे एकाच क्षणी दारात आले तरी निभावले पाहिजे. लिहायला सोपे, बिनचूक करायला अवघड.

म्हणून माझे मत विचाराल तर एका कारखान्याच्या आवाक्यात दोन वेगळी कपाटे ठेवावीत, एक मुख्य सर्व्हरचे, एक स्टँडबायचे. प्रत्येकाला साधी, नकार देणारी आज्ञा पुरते. जागा दुप्पट लागते, पण एक जास्तीची डिस्क ही रात्री दोन वाजता कुणाला झोपेतून उठवण्यापेक्षा स्वस्त पडते. दोन्ही कपाटे एकाच डिस्कवर ठेवू नयेत हे ओघाने आलेच.

७. ३१ जानेवारी २०१७

ही फट पुस्तकी वाटत असेल तर गिटलॅबकडे बघा. जगभरचे प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात अशी ही कंपनी, आणि तिचा डेटाबेस पोस्टग्रेसच. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री सर्व्हरवर अचानक ताण वाढला आणि स्टँडबाय मागे पडला. इतका, की त्याला हवे असलेले लॉगचे तुकडे मुख्य सर्व्हरने तोवर वापरून टाकले होते. आर्काइव्हिंग चालू असते तर ते कपाटातून मिळाले असते. ते चालूच नव्हते. म्हणून स्टँडबाय रिकामा करून नव्याने भरायचे ठरले.

भरणे जमेना. थकलेल्या अभियंत्याने स्टँडबायची डेटाची फोल्डर पुसायची आज्ञा दिली, पण तो त्या वेळी मुख्य सर्व्हरवर होता. एक-दोन सेकंदांत लक्षात आले. तोवर ३०० जीबीच्या आसपास असलेल्या डेटातले साडेचार जीबी उरले होते.

मग बॅकअप शोधायला गेले. रोजची प्रत घेणारा प्रोग्राम ९.२ आवृत्तीचा आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे प्रत निघतच नव्हती. 'प्रत निघाली नाही' असे सांगणारे ईमेल जात होते, पण पलीकडचा मेल सर्व्हर ते स्वीकारत नव्हता. हाती लागली ती एका अभियंत्याने चाचणीसाठी सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेली प्रत. तीच उतरवली. अठरा तासांच्या आसपास सेवा बंद राहिली आणि मधल्या सहा तासांतले बदल गेले: सुमारे ५ हजार प्रकल्प, तितक्याच टिप्पण्या, ७०० च्या आसपास नवी खाती. कंपनीने मात्र काहीही झाकले नाही. दुरुस्ती यूट्यूबवर थेट दाखवली आणि नंतर तपशीलवार अहवाल प्रसिद्ध केला. म्हणून तर आपल्याला हे सगळे ठाऊक आहे.

८. जागा, सराव आणि साफसफाई

तुकडा भरेपर्यंत थांबायचे की नाही? रात्री काट्यावर गाड्या कमी असतील तर १६ एमबी भरायला तास लागतो आणि तेवढा तास पुण्यात पोचलेला नसतो. म्हणून 'पाच मिनिटे झाली की भरला नसला तरी बदल' असे सांगता येते. हिशेब करू: तासाला १२ तुकडे, दिवसाला २८८. प्रत्येकी १६ एमबी म्हणजे दिवसाला ४,६०८ एमबी, साडेचार जीबीच्या वर. दीडशे दिवसांच्या गळीत हंगामाला ६९० जीबीच्या आसपास. आकडा मोठा दिसतो, पण अर्धवट तुकड्याची उरलेली जागा नव्या आवृत्त्यांत शून्यांनी भरलेली असते आणि शून्ये दाबून फार लहान होतात. पाच मिनिटांऐवजी दहा सेकंद केले तर मात्र दाबूनही आवरत नाही. सेकंदांचीच काळजी असेल तर त्यासाठी स्टँडबाय आहेच.

सराव बॉयलर अग्निप्रदीपनाच्या आधी, कारखाना थंड असताना करावा. एक जुने मशीन घ्यायचे, कपाटातून बेस बॅकअप आणि तुकडे आणून गेल्या हंगामातला एखादा दिवस उभा करायचा आणि त्या दिवसाचे एकूण गाळप, शेवटचा पावती क्रमांक आणि कोणत्याही पाच शेतकऱ्यांचे टनेज कागदी रजिस्टरशी ताडून बघायचे. एकदा मुख्य सर्व्हरच्या कपाटावरून, एकदा स्टँडबायच्या.

पुसताना नियम एकच: सर्वांत जुना जो बेस बॅकअप ठेवायचा आहे, तो घ्यायला सुरुवात झाली तिथपासूनचे तुकडे ठेवायचे, त्याआधीचे काढायचे. तारीख बघून 'तीन महिन्यांपूर्वीचे सगळे काढा' अशी आज्ञा देऊ नये, कारण साडेतीन महिन्यांपूर्वीचा बेस बॅकअप मग नुसता लोखंडी पेटारा होतो.

राहिली कालरेषा. बारामतीला बढती मिळाली की तुकड्यांच्या नावातली पहिली आठ अक्षरे ०००००००१ वरून ०००००००२ होतात. त्यामुळे जुना मुख्य सर्व्हर कधी चुकून जागा झाला आणि लिहू लागला, तरी त्याचे तुकडे पहिल्या रेषेचे राहतात, दुसऱ्या रेषेच्या नावांवर पडत नाहीत. रेषा कुठे फुटली, हे 'हिस्टरी' नावाच्या एका छोट्या फाईलमध्ये लिहिलेले असते आणि तीही कपाटात जाते. साफसफाईत नेमकी हीच फाईल जुनी आणि निरुपयोगी दिसते. ती दोन-चार ओळींची असते, जागा जवळजवळ घेत नाही आणि तिच्याशिवाय नवी रेषा कुठून निघाली हे सर्व्हरला कळत नाही. ती कधीच पुसू नये.